पाव फेरा

मार्चचा शेवट. वाल्केआकोस्कीच्या तळ्यावर
बर्फ अजून पांढरा, पण कडांना पाणी सुटलेलं.
उर्पो हिएतानिएमी गिटार घेऊन आला
घोंगडीत गुंडाळून, आजारी करडू आणावं तसा.
म्हणाला, "पातळ तार मेलीय हिची."

मी मीटर लावला. वेटोळं शाबूत.
तार नवी घातली. छेडली.
खिडकीची काच शहारली, टेबलाखालचा कुत्रा
उठून बाहेर गेला.
उर्पोने मान हलवली. "बघ. मेलीय."

त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात तो वाजवायचा
तळ्याकाठच्या नाचघरात, लाकडी फरशीवर.
त्या संगीताला इथे नावच होतं लोखंडी तार.
शब्द नाहीत, गाणारा नाही,
नुसती एक तार, घासून धुतलेली.
पुढे चौतीस वर्षं कागदगिरणीत, सात नंबरच्या यंत्रावर.
कानात बोळे घालायची पद्धत नव्हती तेव्हा.

काय मेलंय ते मला कळलं.
बोलले नाही. पेचकस घेतला.

ब्रिजजवळचा पिकअप मुळातच तिरका बसवतात,
जाड तारांच्या बाजूने मागे सरलेला,
पातळ तारांच्या बाजूने ब्रिजला लगटलेला,
कारण टोकाशी तार कमी झुलते, पण बोलते धारदार.
शिकाऊ पोरांना मी हे सांगते.
उर्पोला काय सांगायचं?
त्याने पहिली गिटार शाळेच्या बाकातून कापली होती.

पातळ बाजूचा स्क्रू. पाव फेरा.
"अजून."
पाव फेरा.
तार आणि चुंबक यांच्यामध्ये मी एक मार्काचं नाणं सरकवते.
कुठल्या दुकानात चालत नाही ते आता,
पण जाडी तेवढीच आहे.
नाणं जाईना.
माझ्या दाढेतलं चांदीचं भरण ठणकू लागलं.
"थोडं अजून."
पाव.

आणि चुंबकाने तार धरली.
इतकं जवळ गेलं की हे व्हायचंच. ओढ वाढते,
तारेला मोकळं थरथरता येत नाही,
एका सुराचे दोन होतात
आणि एकमेकांवर रेलून डुगडुगतात.
ती डुगडुग उर्पोने माझ्याआधी ऐकली.
"खोटं बोलतेय आता. मागे घे."

मागे घेतलं. उंची संपली होती.
उरला कोन.

काळ्या प्लॅस्टिकची नवी पट्टी कापली.
खाच आणखी कलती केली, तीन अंश,
मग कानशीने अजून एक.
पातळ टोक ब्रिजला जवळजवळ टेकलं.
दिसायला वेडगळ,
वाऱ्याने टोपी सरकलेल्या माणसासारखं.

तो आला तेव्हा मे लागला होता. तळं उघडं,
हवेत गिरणीचा आंबूस वास.
गिटार मांडीवर घेतली. एकच सूर,
बाराव्या पट्टीच्या पलीकडे कुठेतरी.
कपाळातून सुई आरपार गेली माझ्या.
मी चेहरा सरळ ठेवून उभी.
तो डोळे मिटून बसला, सूर विझून गेल्यावरही.
मग म्हणाला, "आली."

आणि माझ्याकडे न बघता,
"तुला टोचते ना?"
"टोचते."
"सीरी स्वयंपाकघरातून हाक मारते,
माझ्या नावातला उ पोचतो, ओ पोचतो.
मधलं सगळं वाटेत सांडतं."
घोंगडीची घडी घालता घालता हसला.
"तिला स्क्रू नाही कुठे. शोधून झालंय."

किती झाले, त्याने विचारलं.
मी सांगितले, कानस पुसत, पाठमोरी.
तो तसाच उभा, पाकीट उघडं धरून.

तेव्हा मी वळले.
तोंड खिडकीच्या उजेडात आणलं,
जरा तिरकी झाले, मग आणखी जरा,
त्याची नजर माझ्या ओठांवर येऊन बसेपर्यंत.
"साठ," मी म्हटलं.