तीन बोटं

केम्चीच्या धक्क्याशी समुद्र दिवसातून दोनदा
तीन पुरुष खाली जातो आणि दोनदा परत येतो.
एलेउतेरिओ नावेलकिन चाळीस वर्षं त्याच हिशोबाने
लाँच हाकत आला, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर:
बटाट्याची पोती, शाळेच्या बाई, एकदा एक शवपेटी.

काल संध्याकाळी मी त्याला फॉर्मातला प्रश्न विचारला,
आयोडीन? शिंपले? कशाची अ‍ॅलर्जी?
तो पोट धरून हसला,
आणि पोट दुखलं म्हणून गप्प झाला.
"बाई, मी शिंपल्यांचाच बनलोय."
मी 'नाही'वर खूण केली.

आज ते पोट उघडं आहे.
गाठीकडे जाणारी शीर बांधून झाली,
आता आतडं कापायचं कुठे, एवढंच.
डॉक्टर इसाउरा बार्रिया ते बोटांवर घेतात,
कापडाचा पोत बघावा तसं.
"गुलाबी आहे. ठोका लागतोय. इथे."
जांभळ्या शाईची रेघ.
एकतीस वर्षं याच बोटांनी ठरवलं
रक्त कुठवर पोचतं
आणि कुठून पुढे नुसता रंग उरतो.

यंत्र नवं. गेल्या महिन्यात फेरीबोटीने आलं,
मेंढ्यांच्या ट्रकमागे रांगेत उभं राहून.
त्याच्या कॅमेऱ्याला अंधार लागतो.
वरचा मोठा दिवा बंद, खिडकीवर चादर,
आणि वीज गेलेल्या स्वयंपाकघरात
सगळे जिथल्या तिथे थबकतात, तसे आम्ही.

कुपी माझ्या हातात. हिरवं, इतकं हिरवं
की पहिल्यांदा वाटलं होतं, हे माणसात सोडायचं?
तीन मिली. मागोमाग सलाईन.
मी मोठ्याने मोजते, मोजणं माझ्याकडे आहे:
सात. बारा. अठरा.
पडदा काळा.
चोवीस.
कुणाचा तरी बूट फरशीला चिकटून सुटतो.
एकोणतीस

आलं.
आधी एक धागा, मग त्याला फाटे,
मघाशी जिथे पिवळ्या चरबीखेरीज काही नव्हतं
तिथून वाटा निघाल्या, वाटांना पायवाटा,
आतड्याच्या काठाने उजेड चढत गेला, चढत गेला
आणि थांबला.

रेघेच्या अलीकडे.
तीन बोटं अलीकडे.

पुढचा तुकडाही गुलाबीच होता,
दिव्याखाली कुणीही शपथेवर सांगितलं असतं.
आम्ही थांबलो. कधी कधी उशिरा येतं.
साठ. नव्वद.
डॉक्टरबाईंनी बोट पुन्हा तिथे टेकवलं,
ओळखीच्या घराची कडी वाजवावी तसं,
आणि उचललं.
"मला ठोका लागला होता," त्या म्हणाल्या.
मग, जरा वेळाने,
"माझ्याच बोटाचा असेल."

नवी रेघ. दिवा. पुढचं सगळं नेहमीसारखं.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, काय दिसलं आत?
हिरवं तर केव्हाच यकृताने गाळून टाकलं होतं,
दाखवायला काही नव्हतं.
मी म्हटलं, पाणी तुमच्या खुणेपर्यंत आलं नाही.
"किती कमी?"
मी तीन बोटं धरली.
"भांगाची भरती," तो म्हणाला, जणू तारीखच सांगितली,
आणि कुशीवर वळायला गेला, टाक्यांनी वळू दिलं नाही.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी डॉक्टरबाई.
कप तसाच. वाफ गेलेली.
उजव्या तर्जनीचं टोक अंगठ्याने दाबून धरलेलं,
नजर कुठेच नाही,
ओठ हलताहेत: बारा, तेरा, चौदा.