हक्कसोड

माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह.
लायसनवर अजून तसाच छापलेला आहे.
रिपोर्टात मात्र आता ओ येतो,
शालनताईचा.
लॅबमधला पोरगा म्हणाला, काका, बाटली बदललीय काय?
म्हटलं बाटली तीच आहे रे,
आतलं माणूस बदललंय.

गूळ मार्केटात बावीस वर्षं सौद्याला उभा राहिलो.
रव्याचा कोपरा चिमटीनं मोडून जिभेवर ठेवला की सांगायचो,
पाक जळलाय, चुना जास्त पडलाय,
रान खारपड आहे ह्याचं.
व्यापारी माझ्या तोंडाकडं बघून बोली लावायचे.
केमोत जीभ गेली.
आता गूळ म्हणजे नुसता रंग.

सकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या असतात,
धार काढून फेसाचा पेला थेट हातात.
मी मास्क लावून लांबनं बघतो.
कच्चं दूध बंद, कोथिंबीर बंद, देवळातला अंगारा बंद,
नातवाचा मुका बंद.

सत्तेचाळिसाव्या वर्षी परत ट्रिपल घेतली.
महापालिकेच्या दवाखान्यातलं बाक,
शेजारी दीड महिन्याचं एक बाळ, टोपरं घातलेलं.
सिस्टर म्हणाली, बाळ कुठाय?
मी बाही वर केली.
गोवर, घटसर्प, डांग्या खोकला,
सगळं पुसलं गेलंय म्हणे अंगातून,
जणू आईनं मला कधी
कडेवर घेऊन कुठं नेलंच नव्हतं.

सतरा वर्षांपूर्वी
दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, पंख्याखाली,
मी ताईपुढं कागद ठेवला होता.
वडणग्याचे पंचवीस गुंठे.
म्हटलं, तुला काय कमी आहे गडहिंग्लजला?
ती म्हणाली, पेन दे.
बाहेर आल्यावर मी तिला साडी दिली, हिरवी.
नेसलेली कधी दिसली नाही.
राखी दोन वर्षं पोस्टानं आली,
मग पोस्टमन नुसताच यायचा.

पुण्यात दहापैकी दहा जुळले.
संमतीचा फॉर्म डॉक्टर वाचून दाखवायला लागले,
धोके, दुष्परिणाम, कलम चार, कलम पाच.
मी काचेच्या आत होतो, ऐकलं नाही.
भाच्यानं नंतर सांगितलं,
मामा, ती मधेच म्हणाली, पेन द्या.

आता तिचं रक्त माझ्या कातडीशी भांडतंय.
तोंड सोलतं, डोळ्यांत वाळू,
कोपरावर लाल चट्टे, नखं उभी चिरतात.
डॉक्टर म्हणाले, देणाऱ्याच्या पेशींना
हे घर परकं वाटतं.
मला हसू आलं. त्यांना वाटलं, तापात आहे.
म्हणाले, औषधानं दाबू, पण पुरतं मिटवायचं नाही.
थोडं भांडण असलेलं बरं,
त्याच्या धाकानं जुना आजार फिरकत नाही.

म्हणून रात्री खाज सुटली की मी खाजवत नाही.
पडून ऐकतो.
पंचवीस गुंठे, म्हणतं.
विहिरीकडची बाजू, म्हणतं.
आईच्या पाटल्या.
बरोबर आहे, म्हणतो मी,
आणि उठून गोळी घेतो, अर्धी.

ॲडव्होकेट नार्वेकरांना विचारून आलो,
हक्कसोड उलटी फिरवता येते का.
म्हणाले, तशी नाही फिरत,
बक्षीसपत्र करावं लागेल,
भावानं बहिणीला.
बक्षीस हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.
मी पायऱ्यांवर थोडा बसलो मग. धाप लागते अजून.

काल ताई आली. दुपारच्या एस्टीनं.
दारातच हात धुतले, न सांगता,
चप्पल बाहेर, पिशवी बाहेर.
मी बशीत गुळाचे खडे ठेवले, तांब्या ठेवला.
तिनं एक तोंडात टाकला,
गालात फिरवला, मी फिरवायचो तसाच.
कसा आहे? मी विचारलं. खरंच ठाऊक नव्हतं मला.
खारट मारतोय जरा, म्हणाली, कुठला?

आपल्या रानातला.

खिडकीतनं बाहेर बघितलं तिनं थोडा वेळ.
पाणी फार दिलंस त्याला, म्हणाली,
आणि दुसरा खडा घेतला.