खाडाखोड चालत नाही

मडगाव कोर्टाच्या मागं, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
माझं टेबल. तीस वर्षं मी
मेलेल्यांच्या जन्मनोंदी पोर्तुगीजमधून उतरवते
जिवंतांच्या पासपोर्टांसाठी.
शेणै, सिनाय, सिनाई,
एकाच घराण्याच्या तीन तऱ्हा,
आणि लिस्बनला एक अक्षर इकडचं तिकडं चालत नाही.

आज आवेलिनो कुलासो आला. आजोबांचा दाखला,
फीमध्ये दोनशे कमी, आणि वर हा प्रश्न:
"बाय, तुम्ही दोघांचेही कागद वाचलेत.
खरा मोठा पंतप्रधान कोण?
तो म्हातारा का आमचा बाबुश?"

म्हातारा म्हणजे आमच्या शाळेत
क्रूसाच्या शेजारी टांगलेला,
अर्थशास्त्राचा प्रोफेसर, एकटा, काटकसरी.
गोवा त्यानं डोळ्यांनी कधी पाहिला नाही
आणि मरेपर्यंत लढा म्हणून तार मात्र पाठवली.
बाबुशच्या आजोबांचं घर
माझ्या टेबलापासून चालत दहा मिनिटं.
तो एकदा येऊन ते बघून गेला.

मी म्हटलं, बस. पंखा लावते.

म्हाताऱ्याच्या अमलात माझ्या वडिलांना पहाटे उचललं.
यादीत होता वामन पुंडलिक.
वडील वामन पांडुरंग.
कारकुनानं मधलं नाव एका अक्षरात उरकलं होतं.
आग्वादला चौदा महिने.
सुटले तेव्हा चुकलं असं कुणी म्हटलं नाही,
दारावरच्या शिपायानं फक्त चपला परत दिल्या.
त्याही दुसऱ्याच कुणाच्या.

तिकडं खुर्ची तसूभर हलली नाही.
हलली ती कितीतरी वर्षांनी, उन्हाळ्यात. म्हातारा पडला.
कारभार दुसऱ्याकडं गेला,
पण त्याला ते सांगायला कुणाची जीभ उचलेना.
मंत्री भेटायला येत. तो हुकूम देई.
ते हुकूम कुठंच जात नसत.
मी कधी कधी त्या माणसाचा विचार करते
जो समोर बसून ते लिहून घेत असेल.
माझ्याच धंद्यातला तो.

आणि बाबुश? चौकशीच्या कागदांत नाव आलं,
त्याच दिवशी उठला.
पुढं कळलं, फोनवरचं बोलणं उतरवताना
एका जागी त्याच्याच नावाच्या एका मंत्र्याचं
शेवटचं आडनाव गळलं होतं.
(सगळी चौकशी त्या ओळीवर उभी नव्हती, हेही सांगायला हवं.)
ती बातमी कापून मी टेबलाच्या काचेखाली ठेवलीय.
नवऱ्याला वाटतं, अभिमानानं.
भीतीनं ठेवलीय.

"म्हणजे बाबुशच," आवेलिनो म्हणाला.
थांब रे. माझी भाची शर्वाणी
त्याच्याच राज्यात रहिवासाच्या एका तारखेसाठी
दीड वर्ष मध्यरात्री मोबाईल धरून बसली.
"आपल्या माणसाच्या दारात लांब रांग," म्हणायची.
आणि म्हाताऱ्याच्या कारकुनांच्या नोंदवह्या,
सांगताना जीभ जड होते,
अजून पान न् पान सुटं उघडतं. शाई काळीभोर.
त्यांच्यावर माझं पोट.

म्हातारा गेल्याची बातमी रेडिओवर लागली
तेव्हा वडील स्टुलावर उभे राहून बल्ब बसवत होते.
खाली उतरले.
स्टूल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.
परत चढले.
या विषयावर मी त्यांच्याकडून ऐकलं ते एवढंच.

"मग मी काय समजू?"
दाखला दे इकडं, मी म्हटलं. हे बघ,
आजोबांच्या कुलासोत सी-च्या खाली शेपटी आहे.
तुझ्या आधार कार्डावर नाही. कुठं गेली?

त्यानं कार्ड उलटं केलं,
मागच्या बाजूला पडली असेल तसं.