हात लावायचा नाही

डिसेंबर. पाचपावलीच्या रात्रशाळेत सात जण,
आठवा फक्त हजेरीपुरता.
विणकर सोसायटीच्या माडीवर वर्ग भरतो.
खालचे माग कधीच थांबले,
खळीचा वास तेवढा अजून जिना चढून येतो.

सरकार आलंय शहरात, पंधरा दिवसांच्या मुक्कामाला.
टेकडी रोडवर बांबूंचे अडसर,
अडसरांमागे मोर्चे,
दर मोर्चाची घोषणा निराळी,
काठी एकच.

मी रोम शिकवतो.

सांगतो : शिपाई होते ते.
छातीवर शत्रूची खूण,
पाठीवर आपल्याच सावकाराची.
एके सकाळी उठले आणि चालू लागले,
ना दगड मारला, ना दुकान फोडलं,
तीन मैलांवरच्या टेकडीवर जाऊन बसले नुसते.
युद्ध दाराशी, आणि सैन्य टेकडीवर!
सिनेटपाशी उरले झगे
आणि भाषणं.

लीलाधर पराते मागून म्हणतो,
"आपल्या गावात मधोमध एकच टेकडी हाये सर,
थेही मिल्ट्रीच्या ताब्यात."
वर्ग हसतो. मीही हसतो,
आणि घड्याळ बघून पुढं सरकतो.

मग आला ट्रिब्यून. गरिबांनी गरिबांतून निवडलेला.
घराचं दार रात्रीसुद्धा उघडं ठेवायचं, असा दंडक.
त्यानं "नको" म्हटलं की कायदा जागीच अडायचा.
फळ्यावर लिहितो : व्हेटो.
आणि त्याच्या अंगाला, मी सांगतो,
कोणी हात लावायचा नाही.
लावला तर लावणाऱ्याचा जीव गेलाच.

निरंजना गजघाटे मेयोत आया आहे.
रात्रपाळीआधी येते, डबा बाकाखाली ठेवते,
प्रश्न कधी विचारत नाही.
आज विचारला.

"सर, माह्या आज्यालेही कोणी हात नव्हतं लावत.
मंग त्याले काहून नाही भेटला
थो व्हेटो?"

एकवीस वर्षं हा धडा शिकवतोय.
दरवर्षी तेच वाक्य, त्याच ठिकाणी तोच विराम.
आज खडू बोटांत तसाच राहिला.
पराते हसला नाही.
खिडकीबाहेर कुणाच्या तरी रिक्षाचा भोंगा,
लांबून लाऊडस्पीकरवर मागण्यांची यादी,
बारा नंबरची मागणी वाऱ्यात तुटली.

उत्तर द्यायला तोंड उघडलं.
म्हणालो, तिथं शपथ घेतली होती लोकांनी, सगळ्यांनी मिळून...
आणि ऐकलं, माझंच वाक्य
किती लांबून येत होतं.

ती थांबली नाही. साडेनऊ झाले होते.
"जाऊ द्या सर, परीक्षेत येते का हे?"
स्वेटरची बटणं लावली, डबा उचलला.
आता सकाळपर्यंत तिच्या हातांत
कुणाचंही अंग येईल,
जात न विचारता उलटी, रक्त, ताप,
कुणाची थंड पडत चाललेली पावलं.
कॅज्युअल्टीचं दार रात्री लावत नाहीत.

मी फळा पुसायला घेतला.
तारीख पुसली, सनावळी पुसली.
तो एक शब्द ठेवला.
उद्या सकाळच्या पाळीचे मास्तर चिडतील.
चिडू देत.