प्लॉट नंबर अकरा

दर मार्चात कचेरीतून कागद येतो:
उर्सूल देलोर्म, राहणार देलोर्मव्हिल,
प्लॉट नंबर अकरा, काठरस्ता,
साठ फूट बाय एकशेवीस.
कर एक डॉलर दहा सेंट.
मी भरते.
कारकून पोरगा नवा आहे, त्याला ठाऊक नाही
की अकरा नंबरात हल्ली मिसूरी राहते.

माझ्या बापाने हे गाव वसवलं
असं चौकातली पाटी म्हणते.
बाप काही वसवायला आला नव्हता.
बीव्हर मारायला आला होता; खरं तर मारायलाही नाही,
दुसऱ्यांनी मारलेले मोजायला.
एक घोंगडी, चार कातडी.
दोन आऱ्या आणि चिमूटभर शेंदूर, एक कातडं.
बंदुकीची दारू मुठीच्या मापाने,
आणि बापाची मूठ
हिवाळ्यात लहान व्हायची.
वही मी लिहायचे, आठव्या वर्षापासून.

आई ओटो लोकांतली.
विलोच्या ओल्या फांदीचं कडं वळवून
त्यात कातडं ताणून शिवायची,
मग हाडाच्या धारेने चरबी खरवडत बसायची
संध्याकाळ होईतो.
तो वास भाकरीत, माझ्या वेण्यांत,
नाताळच्या झग्यातसुद्धा.
बाप म्हणायचा, नाक मुरडू नकोस, हा पैशाचा वास.

मग एका वसंतात होड्या हलक्या आल्या.
वरच्या ओढ्यांत बांध होते, बांधांमागे पाणी होतं,
पाण्यात कोणी नव्हतं.
त्याच महिन्यात सेंट लुईहून पत्र:
शौकीन लोक आता रेशमी टोप्या घालतात.
बापाने पत्र दोनदा वाचलं. बाहेर गेला.
जमिनीकडे पाहत राहिला,
कातडं पारखताना पाहायचा तसा,
केस उलटे फुंकून.

लेम्युअल हॅस्किन्स साखळी घेऊन आला.
साखळीचं पहिलं टोक त्याने बांधलं
गठ्ठे दाबायच्या खांबाला.
तिथून सरळ रेघ, मग काटकोन, मग पुन्हा रेघ.
रात्री नकाशा पसरला आईच्याच फळीवर.
आईने तो उलटा करून पाहिला,
मांसाकडची बाजू कुठली ते.
मग नखाने नदीचा निळा रंग खरवडला.
निघाला.
हॅस्किन्स ओरडला.

पानं पिवळी पडताना मामा आला, सोबत तीन कुटुंबं.
रानप्लमच्या जाळीपाशी ते दरवर्षी उतरायचे.
बाप म्हणाला, तो आता अकरा नंबर, तीस डॉलर.
मामा खळखळून हसला.
मेहुण्याने चेष्टा करावी,
ही दोन्ही घरांची रीत.
हसता हसता त्याने बापाच्या पाठीवर थाप मारली,
आणि पाठ हलली नाही
तेव्हा हात तिथेच विसरल्यासारखा राहिला.

त्या रात्री आईने माळ्यावरून गाठोडं काढलं.
चार वर्षं हात राखून ठेवलेली कातडी,
एकही माझ्या वहीत नव्हतं.
बापाने ती मोजली. तिच्यासमोर. एकेक फुंकून.
पाच कातडी पडत्या भावाने वगळली.
सौदा झाला, कागद माझ्या नावाचा,
कारण आईच्या नावाचं स्पेलिंग
हॅस्किन्सला जमेना.

मामा तीनदा उतरला तिथे. चौथ्या वर्षी
सरकारने त्यांना पुढे हलवलं,
आणि पाचव्या वर्षी नदीने काठरस्ता घेतला,
सात ते चौदा, लोहाराच्या भात्यासकट.
लोक म्हणाले, पैसे पाण्यात गेले.
बाप पुढची दोन वर्षं
ते प्लॉट न्यूयॉर्कला पत्राने विकत होता.

आई नदीबद्दल काही बोलली नाही.
शेवटच्या आजारात एकदाच विचारलं तिने,
कर भरलास?

यंदा पाणी फार उतरलं.
वाळूचा दांडा वर आला, त्यावर विलोची रोपं.
मी होडी काढली. या वयात, हो.
एक बुंधा टोकदार कुरतडलेला, ताजा,
भोवती ओल्या पांढऱ्या ढलप्या.
घरी येऊन जुनी वही उघडली, तारीख घातली.
बीव्हर, एक.
भावाचा रकाना
अजून कोरा आहे.