सुरुवातीचं वजन

सातपूरला, शेडच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत
चकती फिरतेय सकाळी आठपासून.
तिच्यावर टेकलेली पोलादी पिन,
पिनेवर दोन किलोचा भार,
आणि मध्ये द्राक्षबियांचं तेल,
वायनरीनं टाकून दिलेल्या चोथ्यातलं,
अजून जरा आंबूस.

स्क्रीनवर घर्षणाची रेघ
आधी अडखळली, मग सरळ झाली.
मी वहीत वेळ लिहिली.
वीज गेली.
आली. पुन्हा पहिल्यापासून.

निंबाजी गांगुर्डे दारात.
तेहतीस वर्षं लेथवर, पुढल्या महिन्यात निवृत्त.
माझ्या मोटरच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवतात,
मूठ कानाशी धरतात, डोळे मिटतात.
"आतून कोरडं चाललंय, मॅडम.
तुमच्या कॉम्प्युटरला उद्या कळेल."
परवा कळलं.

तेलाचा थेंब ते चिमटीत चोळतात:
"कचकच आहे."
त्याच थेंबात मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात
पोलादाचे पापुद्रे,
कुणी नखं कापून टाकावीत तसे.

पिन धुतली, वाळवली, चिमट्यानं तराजूवर ठेवली,
काचेचं दार ओढून श्वास रोखला.
दोन पूर्णांक तीन मिलिग्रॅम गेले.
"एवढंच?" ते म्हणाले.

मग गेटवरचं सांगितलं.
हजेरीचं नवं मशीन त्यांचा अंगठा घेत नाही.
पुसून बघतात, ओला करून बघतात,
लाल दिवा.
वॉचमन रोज वहीत नाव लिहून घेतो.
ऑफिसातला पोरगा म्हणाला,
काका, चंदनासारखे झिजलात तुम्ही.
"चंदनाला वास असतो रे," ते म्हणाले,
"मला कूलंटचा येतो."

दुपारी त्यांचा अंगठा भिंगाखाली घेतला.
रेघा अगदीच नव्हत्या असं नाही,
कडेनं होत्या, बांधालगत गवत उरतं तशा.
मध्ये सपाट, चकचकीत,
माझ्या चकतीवर पडलेल्या वाटेसारखं.

किती गेलं, मला सांगता येईना.
सुरुवातीचं वजन कुणी घेतलंच नव्हतं.

बोलता बोलता त्यांनी पिन उचलली, उघड्या हातानं.
मी ओरडले, हात नका लावू, वजन बदलतं!
ते दचकले, ठेवून दिली,
सॉरी म्हणून चहाला निघून गेले.

मी पुन्हा तोलली.
शून्य पूर्णांक एक मिलिग्रॅम जास्त.
गेटला न सापडलेला अंगठा
तराजूवर बसला होता.

पिन धुवायला हवी.
अजून धुतली नाही.