काटा

मानोऱ्याच्या चढावर काटा पुन्हा लाल रेघेला टेकला.
पौषातली सकाळ, सवाऱ्या मफलरीत,
आणि माझ्या काळी-पिवळीच्या पोटात आधण.

पाणी बदललं होतं. बेल्ट बदलला होता.
काढलेला थर्मोस्टॅट अजून डॅशबोर्डवर, सुट्ट्या नाण्यांत.
पंपावरचा म्हणाला, हेड गेलं. म्हणजे बारा हजार.
दोन रात्री मी छताकडं पाहत तेच मोजलं.

कय्यूम मिस्त्रीनं आधी हातच लावला नाही.
"झाकन नोको खोलू, तोंड भाजन."
बिडी संपवली. मग विचारलं,
"दिवाळीपासून कुठी उभी रायते हे?"
जिनिंगच्या रांगेत. रोज. इंजिन चालू.

ग्रिल निघाली, आणि रेडिएटरच्या जाळीवर
एक अख्खी गोधडी, धुळीनं मळलेली,
वाऱ्याला सुईएवढी वाट नाही.
दात घासायचा जुना ब्रश,
मागून पाण्याची बारीक धार.
तास गेला. शंभर रुपये.

पंचफुलाबाई तोवर उतरून बसली होती.
खाली पडलेला कापूस तिनं उचलला,
पिळला, मांडीवर वळून पाहिला.
"तेलकट हाय," म्हणाली, "वात मस्त जळन."

चढ लागला. काटा अर्ध्यावर.
मी रस्ता कमी, काटाच जास्त पाहत होतो.